चौकोनी फोटोचा इतिहास आणि आपली भिंत



आमच्या नाशिकच्या अभ्यास गटाकडे एक फोटो आहे. फोटो म्हणजे मोबाइलमधली एक चौकोनी प्रत. मूळ फोटो काळा-पांढरा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि चांगला लांबट आडवा होता. १९६५ च्या सुरुवातीला भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगून गावी परतलेली दिंडोरीकडची माणसे त्यात एका ओळीत उभी होती. २०१४ साली भीमजयंतीच्या आदल्या रात्री आमच्यातल्याच एका मित्राने तो फ्रेमसकट मोबाइलवर टिपला आणि इन्स्टाग्रामवर टाकला. त्या काळी इन्स्टाग्राम आडवा फोटो घेत नसे, चौकोनात बसवावा लागे. मित्राने मधली माणसे ठेवली, दोन्ही कडा गेल्या. डाव्या कडेला नुसती भिंत होती. उजव्या कडेला तीन बाया होत्या.

पुढे त्या घराचे पत्रे एका पावसाळ्यात गळले, फ्रेम ओली झाली, आणि घर नव्याने बांधताना ती राडारोड्यात गेली. मित्राचा मोबाइल तर त्याआधीच विकला गेला होता. उरला तो चौकोन. त्याच्या उजव्या कडेला कोपरापासून खाली एक हात दिसतो, मनगटात दोन बांगड्या. तीन बायांपैकी एकीचा.

चूक आमची आहे, दुसऱ्या कुणाची नाही. जयंतीच्या उत्साहात आम्हाला लाइक हव्या होत्या, फोटो जपून ठेवायचे सुचले नाही. पण तो चौकोन आला कुठून, हे शोधायला बसलो तेव्हा आम्हाला एका कंपनीचा सगळा इतिहास वाचावा लागला. तो इथे मांडत आहोत, कारण जयंतीच्या मिरवणुकीपासून मोर्चाच्या हाकेपर्यंत चळवळीचा बराचसा कारभार आज याच ॲपवर चालतो, आणि ते कसे जन्मले हे विचारायची आपल्याला गरज वाटलेली नाही. मनुस्मृती कोणी लिहिली, का लिहिली, कोणाच्या फायद्यासाठी लिहिली, हे विचारणारी माणसे आपण. रोज चार तास जिथे घालवतो त्या जागेला हे प्रश्न का विचारू नयेत?

तर चौकोन. केव्हिन सिस्ट्रॉम नावाचा अमेरिकन विद्यार्थी स्टॅनफर्ड विद्यापीठातून काही महिन्यांसाठी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात फोटोग्राफी शिकायला गेला होता. त्याच्याकडे महागडा कॅमेरा होता. तिथल्या शिक्षकाने तो काढून घेतला आणि होल्गा नावाचा प्लास्टिकचा स्वस्त कॅमेरा हातात दिला. होल्गाचे भिंग साधे, फोटो कडेला अंधुक होणारे, आणि आकार चौकोनी. अडचणीतून शिक, असा शिक्षकाचा हेतू. त्या मुलाला ते चौकोन इतके आवडले की काही वर्षांनी कोट्यवधी लोकांच्या फोटोंवर तोच आकार बसला. एका माणसाची आवड जगाचा नियम कशी होते, याचे यापेक्षा साधे उदाहरण आम्हाला तरी सापडलेले नाही.

सिस्ट्रॉमने पुढे गूगलमध्ये नोकरी केली आणि नंतर ‘बर्बन’ नावाचे ॲप बनवले. नाव दारूवरून ठेवलेले. आपण कुठे आहोत हे मित्रांना कळवायचे, बेत आखायचे, सोबत फोटो टाकायचा, असे त्यात बरेच काही होते. २०१० मध्ये गुंतवणूकदारांकडून पाच लाख डॉलर मिळाले आणि ब्राझीलहून स्टॅनफर्डला शिकायला आलेला माइक क्रीगर त्याला येऊन मिळाला. दोघांनी पाहिले की लोक बाकी काही वापरत नाहीत, फोटो मात्र टाकतात. मग बाकीचे सगळे काढून टाकले. फोटो, त्यावर शेरा आणि लाइक, एवढेच ठेवले. मेक्सिकोत समुद्रकाठी सुटीवर असताना सिस्ट्रॉमची मैत्रीण म्हणाली की, माझे फोटो तुझ्या त्या मित्राइतके चांगले येत नाहीत, मी नाही टाकणार. मित्राचे फोटो चांगले दिसत, कारण तो दुसऱ्या ॲपमधून रंग बदलून घेत असे. सिस्ट्रॉमने तिथेच बसून पहिला फिल्टर तयार केला. ६ ऑक्टोबर २०१० रोजी इन्स्टाग्राम सुरू झाले. पहिल्या दिवशी २५ हजार लोक आले, दोन-अडीच महिन्यांत दहा लाख झाले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे ॲप सुरुवातीला फक्त आयफोनवर चालत होते. २०१० साली आपल्या वस्त्यांत काय होते? नोकियाचे बटणांचे फोन आणि दोन सिमचे चिनी फोन. भीमगीते मेमरी कार्डात भरून घ्यायला मोबाइलच्या दुकानात पैसे मोजायचे, आणि मग ब्लूटूथने एकाकडून दुसऱ्याकडे. जयंतीच्या मिरवणुकीचा फोटो हवा असेल तर स्टुडिओवाल्याकडे नाव नोंदवायचे. इन्स्टाग्राम जन्मले ते महागडा फोन परवडणाऱ्यांसाठी. तिथला फोटो कॉफीच्या कपाचा, सूर्यास्ताचा, कुत्र्याचा. जुलै २०१० मध्ये चाचणी म्हणून सिस्ट्रॉमने टाकलेला पहिला फोटोही कुत्र्याचाच आहे.

३ एप्रिल २०१२ रोजी ते अँड्रॉइड फोनवर आले आणि एका दिवसात दहा लाखांहून अधिक लोकांनी उतरवून घेतले. त्यानंतर सहाच दिवसांनी, ९ एप्रिलला, फेसबुकने ही कंपनी एक अब्ज डॉलरला विकत घेण्याचे जाहीर केले. कंपनीत माणसे किती? तेरा. त्याच वर्षी जानेवारीत कोडॅक ही फोटोच्या धंद्यातली जुनी कंपनी दिवाळखोरीच्या अर्जासह कोर्टात उभी होती. एकेकाळी तिथे लाखाहून अधिक कामगार होते. समाजशास्त्राच्या वर्गात श्रम आणि मूल्य शिकताना आम्ही डोके खाजवायचो. हे एक उदाहरण कोणी फळ्यावर मांडले असते तर प्रकरण लवकर कळले असते. तेरा माणसांच्या कंपनीला अब्ज डॉलर मिळतात, कारण खरे काम ती तेरा माणसे करत नसतात. फोटो काढणारे, टाकणारे, पाहणारे ते काम करतात. पगार नाही, हजेरीपट नाही.

मालकी कोणाची, हे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उघड झाले. कंपनीने नव्या अटी आणल्या. लोकांचे फोटो त्यांना न विचारता, मोबदला न देता जाहिरातीत वापरता येतील, असा त्यांचा अर्थ निघत होता. जगभर ओरड झाली आणि कंपनीने माघार घेतली. पण नोव्हेंबर २०१३ पासून अमेरिकेत फोटोंच्या मध्ये जाहिराती दिसू लागल्या, मग सगळीकडे. ॲप फुकट का आहे, याचे उत्तर तेच.

आता थोडे मागे जाऊ. फोटो वाटणे आपल्याला या कंपनीने शिकवले, असा समज तरुणांत आहे. तो काढून टाकला पाहिजे.

कॅमेरा या देशात आला तेव्हा आपण त्याच्या समोर होतो, मागे नव्हतो. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले. जाती-जमातींची माणसे उभी करायची, फोटो काढायचा, खाली जातीचे नाव आणि स्वभावाचे वर्णन छापायचे. माणसाचे स्वतःचे नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. फोटो म्हणजे जातीचा नमुना.

हे उलटे केले ते बाबासाहेबांच्या फोटोने. सूट, टाय, हातात ग्रंथ, नजर थेट. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी फोटोंचे स्टॉल लागतात. तिथून तो फोटो गोणीत, पिशवीत, एसटीच्या टपावरून खेड्यापाड्यातल्या झोपडीच्या भिंतीवर गेला. कोणतीही कंपनी मध्ये नव्हती. ज्या घरात कपाट नव्हते त्या घरात फ्रेम होती. एक फोटो लाखो भिंतींवर पोहोचवणारी ही व्यवस्था आपल्या आजी-आजोबांनी चालवली आहे.

आणि फोटोसाठी आपली माणसे तुरुंगातही गेली आहेत, हे किती जणांना माहीत आहे? ६ डिसेंबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व होते आपल्याच जिल्ह्यातले, आंबे गावचे, काळाराम सत्याग्रहाची धुरा वाहिलेले कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे. आपण त्याला भूमिहीनांचा सत्याग्रह म्हणतो, कारण पडीक जमीन भूमिहीनांना द्या ही त्यातली मोठी मागणी होती. पण पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दिलेल्या मागण्यांच्या यादीत आणखी एक मागणी होती: संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे चित्र लावा. लाखो माणसांनी तुरुंग भरले. आमच्या चौकोनी फोटोतली माणसे त्यांतलीच. पोटाला भाकर नसलेली माणसे जमिनीसोबत भिंतीवरची एक जागाही मागत होती. संविधान ज्याने घडवले त्याचे चित्र त्या भिंतीवर लागायला १२ एप्रिल १९९० उजाडावे लागले. सत्याग्रहाला तोवर पंचवीस वर्षे उलटून गेली होती.

हा इतिहास ठाऊक असला की इन्स्टाग्रामकडे पाहायची नजर बदलते. प्रश्न फोटोचा तेवढाच भिंतीचाही असतो. भिंत कोणाची, तिच्यावर काय लावायचे हे कोण ठरवणार, आणि उद्या काढून टाकले तर दाद कुठे मागायची? संसदेच्या भिंतीसाठी निदान सत्याग्रह तरी करता आला. ती भिंत लोकांची होती.

आमच्यातले काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, हे सगळे नाद आहेत, पोरांनी रील सोडून पुस्तके वाचावीत. आम्हाला हे अर्धेच पटते. कारण मोबाइल आपल्या हातात आला तेव्हा त्याचा त्रास कोणाला झाला, हेही आम्ही पाहिले आहे. मे २०१५ मध्ये इथून जवळ शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या, लग्नासाठी आलेल्या आपल्या एका तरुणाचा खून झाला. भांडणाचे निमित्त काय, तर मोबाइलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन. २०१७ मध्ये गुजरातेत गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावात दलित तरुणांना मिशी ठेवली म्हणून मारहाण झाली. त्यावर गुजरातच्या तरुणांनी काय केले? मिशीला पीळ देऊन सेल्फी काढले आणि व्हॉट्सॲपपासून इन्स्टाग्रामपर्यंत लावून टाकले. एका गावातल्या दोन-चार पोरांना मारणे सोपे असते. हजारो मिशा एकदम समोर आल्या की मारणार कोणाकोणाला? जिथे अंगावरचा चांगला कपडा, पायातली चप्पल, घोड्यावरची वरात डोळ्यात खुपते, तिथे आपला चेहरा आपण ठरवलेल्या रूपात चारचौघांत मांडणे हा नाद नाही. ते ज्यांना नाद वाटते त्यांनी एकदा गावाकडे जाऊन डीपी बदलून पाहावा.

म्हणून ॲप सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. ते ओळखा, असे म्हणतो. कारण आपण तिथे शिरलो तोवर ते मूळचे राहिलेच नव्हते.

ऑगस्ट २०१५ मध्ये कंपनीने चौकोनाची सक्ती उठवली. लोक टाकतात त्यातले जवळपास पाचातला एक फोटो चौकोनी नसतो, असे तिनेच सांगितले. म्हणजे लोक दुसऱ्या ॲपमधून वर-खाली पांढऱ्या पट्ट्या लावून आडवा फोटो कसाबसा बसवत होते. आमच्या मित्राला ती युक्ती माहीत नव्हती. माहीत असती तर तीन बाया वाचल्या असत्या. सोळा महिन्यांचा फरक.

२०१६ हे वर्ष मोठे. तोवर इन्स्टाग्रामवर जो फोटो शेवटी टाकला तो आधी दिसायचा. त्या वर्षी हा क्रम गेला आणि तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज बांधून यंत्र क्रम लावू लागले. ऑगस्टमध्ये स्नॅपचॅटची सरळ नक्कल करून स्टोरी आली, चोवीस तासांत पुसली जाणारी. आणि सप्टेंबरमध्ये आपल्याकडे जिओ आले, डेटा स्वस्त झाला. आपली पोरे इन्स्टावर लोटली ती त्यानंतर. त्यांना रांगेतला नंबर माहीतच नाही, थेट यंत्राचा अंदाजच मिळाला. जयंतीच्या डीजेची क्लिप हजारोंना दिसते आणि त्याच खात्यावरचे वसतिगृहाच्या शिष्यवृत्तीचे पत्रक चाळीस जणांना. यात कोणी मनुवादी माणूस बटण दाबून बसलेला असतो असे नाही. जिथे डोळे जास्त वेळ थांबतात तिथे जाहिरात जास्त विकते, एवढा साधा धंदा आहे. पण परिणाम कोणावर होतो ते बघा.

जून २०१८ मध्ये वापरणारे शंभर कोटी झाले. सप्टेंबरमध्ये दोन्ही संस्थापक कंपनी सोडून गेले. भांडवलाच्या घरात ज्यांनी घर बांधले तेही भाडेकरूच.

मग टिकटॉक. या ॲपबद्दल आपल्या शिकलेल्या मंडळींनी नाके मुरडली, पण खेड्यातल्या, वस्तीतल्या, इंग्रजी न येणाऱ्या पोरापोरींना पहिल्यांदा प्रेक्षक दिला तो त्यानेच. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने एकूण ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. एका रात्रीत सगळ्यांची खाती, ओळख, काहींची रोजीरोटी गेली. आठ-दहा दिवसांत इन्स्टाग्रामने भारतात रील चालू केले, इतर बऱ्याच देशांत ऑगस्टमध्ये. रिकामी जागा भरायला कोण टपून बसले होते ते कळले. आपली पोरे पुन्हा शून्यापासून, दुसऱ्याच्या अंगणात.

रील उभे असते. आम्हाला ही बाब फार महत्त्वाची वाटते. मोर्चा आडवा असतो. बुद्धवंदनेला बसलेली रांग आडवी असते, सत्याग्रहींची ओळ आडवी असते. उभ्या चौकटीत एकच माणूस नीट मावतो. नाचणारा, बोलणारा, रडणारा, एकटा. होल्गाच्या चौकोनाने आमच्या कडेच्या बाया कापल्या, रीलच्या उभ्या पट्टीत तर ओळच मावत नाही. नेता मावतो, मोर्चा मावत नाही. चळवळीत सध्या ज्याचे त्याचे स्वतंत्र पेज आणि ज्याचा तो अध्यक्ष, याचे खापर फक्त ॲपवर फोडणे प्रामाणिक होणार नाही, ती खोड आपली जुनीच. पण त्या खोडीला इतकी सोयीची चौकट याआधी मिळाली नव्हती.

बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला तेव्हा पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. ही गोष्ट आपण दरवर्षी ३१ जानेवारीला सांगतो आणि तिथेच थांबतो. पुढची गोष्ट अशी की बाबासाहेब जाहिरात छापून आणण्यासाठी ‘केसरी’च्या दारात बसून राहिले नाहीत. ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ असा प्रवास झाला, आणि त्यात स्वतःचा छापखाना उभा करण्याची धडपडही होती. आज आपल्याला कोणी नकार देत नाही. या, टाका, फुकट आहे, असे म्हणतात. नकाराला उत्तर देणे आपल्याला जमते. या आमंत्रणाला काय उत्तर द्यायचे ते अजून ठरलेले नाही.

नाशिकमध्ये तरी उत्तराची एक जागा आहे. बुद्धपौर्णिमेला त्रिरश्मी लेण्यांवर गर्दी होते, दर पायरीवर सेल्फी. फोटो टाकताना जागेच्या यादीत ‘पांडवलेणी’ आले की आमची मुले ते सोडून ‘त्रिरश्मी’ लिहितात. उगाच नाही. डोंगराचे हेच नाव तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत कोरलेले आहे, पांडवांचे नाही. त्याच लेण्यांत एक छोटा लेख आहे. मुगुदास नावाच्या दासकाने कुटुंबासह लेणे दान दिले, एवढेच त्यात लिहिले आहे. दासक म्हणजे कोळी, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. राजमाता बलश्रीचा लांबलचक लेख जिथे आहे, त्याच डोंगरात एका मासे धरणाऱ्याचेही नाव आहे, आणि अठराशेहून अधिक वर्षे टिकले आहे. आमच्या फोटोतल्या बाया साठ वर्षांपूर्वीच्या. त्यांची नावे आम्हाला माहीत नव्हती.

बायांच्या बाबतीत हे नेहमीचेच. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव, घरोघर फिरून, म्हाताऱ्या बायांशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली काढले नसते, तर आंबेडकरी चळवळीतल्या कितीतरी बाया फोटोच्या कडेलाच राहिल्या असत्या. नाशिकच्या शांताबाई दाणींनी आत्मचरित्र लिहिले म्हणून त्या कळतात. बाकीच्यांचे काय?

जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने खात्याच्या पानावरची मांडणी पुन्हा बदलली. चौकोनांच्या जागी उभे आयत आले, आणि जुने चौकोनी फोटो तिथे दोन्ही बाजूंनी आणखी थोडे कापलेले दिसू लागले. आमच्या मित्राच्या पानावर आता तो हातही दिसत नाही. फोटो उघडला तरच दिसतो.

म्हणून गेल्या वर्षापासून दर रविवारी दुपारी आम्ही विहारात बसतो. एक जुना स्कॅनर आहे, दोन हार्ड डिस्क आहेत. एक विहारात राहते, एक दुसऱ्या वस्तीत. लोक फ्रेमा, लग्नाचे अल्बम, जेलच्या चिठ्ठ्या, हँडबिले आणतात. स्कॅन करून मूळ वस्तू लगेच परत देतो. फोटो इन्स्टावरही टाकतो, पण शेवटी. आधी प्रिंट काढून तिच्या मागे पेन्सिलीने नावे लिहितो, डावीकडून उजवीकडे, बायांची आधी. फक्त ‘अमक्याची बायको’ लिहायचे नाही, असा नियम आहे. तो पाळताना वेळ लागतो, कारण सांगणाऱ्यालाही नाव आठवावे लागते.

मागच्या महिन्यात दिंडोरीकडून एक आजी आल्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना चौकोनी फोटोची मोठी प्रिंट दाखवली. मधल्या पुरुषांची नावे त्यांनी भराभर सांगितली. मग उजव्या कडेवर बोट ठेवले. “हितं आमच्या तिघीजणी व्हत्या. कुठं गेल्या?” आम्ही काय झाले ते सांगितले. त्यांनी तीन नावे सांगितली. दोघींचे नाव एकच निघाले, म्हणून माहेरची गावे लावून लिहून घेतली. हात कोणाचा, ते मात्र त्यांना नक्की सांगता येईना. बांगड्यांकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या, जाऊबाईला विचारते, तिला आठवत असंल. येत्या रविवारी त्या जावेला घेऊन येणार आहेत.